कॅल्हूनचं नाव घेते

शिरीषनं बायकोवर संशय घ्यावा असा एकही जिवंत माणूस नेदरलँड्समधल्या त्या बेस्ट नावाच्या गावात नव्हता. जो होता, तो मरून एकशे सत्तर वर्षं झाली होती.

नीलांबरी पुण्यात कॉलेजात इतिहास शिकवायची. इथं ती शिरीषच्या व्हिसाला जोडून आली. लॉकडाऊन लागल्यावर तिनं लायडनच्या विद्यापीठात ऑनलाइन प्रवेश घेतला आणि त्या दिवसापासून घरात जॉन कॅल्हून राहायला आला. हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेचा उपाध्यक्ष, तिच्या प्रबंधाचा विषय. परदेशी मालावरच्या जकातीनं उत्तरेच्या गिरण्या पोसल्या जातात नि महाग माल दक्षिणेच्या माथी बसतो, तेव्हा राज्यानं असा कायदा आपल्या हद्दीत सरळ रद्द ठरवावा, असं त्याचं म्हणणं. साउथ कॅरोलिनानं तसं ठरवलंही. अध्यक्षानं सैन्याची धमकी दिली.

हे सगळं शिरीषला वरणभाताबरोबर मिळायचं. "कॅल्हूनचा युक्तिवाद काय देखणा आहे रे!" नीलांबरी म्हणायची. आपल्या कुठल्याही गोष्टीला ती देखणी म्हणाल्याचं शिरीषला आठवेना. नव्या सायकललासुद्धा नाही.

संक्रांतीला तिथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू झूमवर झालं. शिरीष शेजारच्या खोलीत, ऑफिसची मीटिंग म्यूट करून, भिंतीला कान लावून. मंडळातल्या शर्मिलानं उखाण्याचा आग्रह धरला. नीलांबरीनं घसा खाकरला.

"तिळगूळ खाऊन गोड बोला, नका जाऊ रुसून, कॅल्हूनचं नाव घेते लॅपटॉपपुढं बसून!"

पंधरा खिडक्यांतून हशा फुटला.

"अगं बाई, नवरा कधी बदललास?" शर्मिला किंचाळली. "गोरा दिसतोय नावावरून!"

नीलांबरीही हसत सुटली. भिंतीपलीकडे शिरीषचा मात्र तिळपापड झाला.

त्यानं आठवडाभर तिची पुस्तकं चोरून वाचली, वकील पुरावे गोळा करतो तशी. रविवारी ती चहा घेऊन बसताच त्यानं तोंड उघडलं.

"तुझा तो कॅल्हून पलटू आहे. अठराशे सोळात जकातीच्या बाजूनं बोलला होता! नंतर उपाध्यक्षाच्या खुर्चीत बसून त्याच जकातीविरुद्ध निनावी लिहिलं. निनावी!"

नीलांबरीनं कप खाली ठेवला.

"आणि राज्यांचे हक्क म्हणे! त्याच्या मळ्यात राबणाऱ्या गुलामांचे हक्क कुठे गेले?"

"अरे, माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेच आहे!" ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर आली. डोळे चमकत होते. "थांब. मी साउथ कॅरोलिना, तू वॉशिंग्टनचं सरकार. बोल, फौज का पाठवतोस?"

शिरीष बोलला. ती त्याला खोडत गेली, तो आणखी चढला. चहावर साय धरली. टेबलावर मूठ आपटताना त्याला जाणवलं की गेल्या कित्येक महिन्यांत तिनं आपल्याकडे इतका वेळ पाहिलेलंच नाही.

"उद्या पुन्हा भांडायचं?" तिनं विचारलं.

"मीटिंग्ज बघून सांगतो," शिरीष भाव खात म्हणाला, आणि टेबलाखाली मोबाइलच्या कॅलेंडरात उद्याची संध्याकाळ अडवून टाकली.