तांबडीची पाठराखण

कराडच्या कैकाडी वस्तीतल्या धोंडिरामला माणसांची नाती विचारली की तो डोकं खाजवायचा. डुकरांची मात्र सात पिढ्यांची सांगायचा. "ही तांबडी व्हय? रहिमतपूरच्या भणीनं दिलेल्या काळीची नात. नाकावर पार आज्जीच्या गेलीया!" लेक सासरी निघाली की तिच्यासंगं एक मादी द्यायची, अशी त्यांची रीत. त्यामुळं सातारा-सांगलीकडची निम्मी डुकरं एकमेकांची मावस-चुलत लागायची आणि धोंडिराम सगळ्यांचा मामा.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात वस्तीत रोग शिरला. अंगात ताप, कान जांभळे, मागचे पाय लटपटते. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "विषाणू आहे. लागलेल्याला औषध नाही. एकही डुक्कर बाहेर हलवू नका."

धोंडिरामच्या दारात एकटी तांबडी उरली. खातीपिती, धडधाकट. त्याचा बाप प्लेगात गाव सोडून रानात राहिला, म्हणून वाचला होता. रोगातनं हललं की जीव वाचतो, हे धोंडिरामनं बापाकडूनच ऐकलेलं. त्यानं भलंमोठं डालगं विणलं, तांबडीला आत बसवलं आणि गुळाच्या ट्रकमधून लेकीचं सासर, कवठे महांकाळ गाठलं.

वाटेत ड्रायव्हरनं विचारलं, "आत कोण हाय रं गड्या?"

"लेकीची पाठराखीण."

लेकीनं, चंद्राबाईनं, दारातच तांबडीवरून भाकरतुकडा ओवाळला, कपाळाला कुंकू लावलं. "आबा, माझं म्हायार आलं बगा!" म्हणत तिला आपल्या डुकरांत सोडलं.

आठवड्यात तांबडीचे कान जांभळे झाले. तिच्यामागं चंद्राबाईची सगळी गेली, मग शेजारच्या सुलाबाईची, मग अख्ख्या वस्तीची. चंद्राबाईच्या दाराशी कुणी फिरकेना.

कराडचे डॉक्टर रागावले नाहीत, तेच वाईट झालं. म्हणाले, "धोंडिराम, रोगाच्याही पिढ्या असतात, पोटजाती असतात. कुठला कुठून आला ते शोधण्यात आमची वर्षं जातात. हा मात्र कुणाच्या दारातून गेला, ते आजच सांगता येतं."

तेव्हापासून धोंडिरामनं डुकरांची नाती सांगणं सोडलं. ती नाती सांगायची म्हणजे रोगाची वाट सांगायची.

दिवाळीला तो लेकीकडं गेला. एरवी ती पिशवी आधी बघायची, बापाला मग. या खेपेला ती उंबऱ्यातच थांबली.

"आबा, काय आणलं न्हाई न्हवं?"

"न्हाई गं बाई," म्हणत त्यानं दोन्ही तळवे पुढं केले.

बंडीच्या खिशात भडंगाची पुडी होती. ती तशीच कराडला परत गेली.