जित्या मालातली गुंतवणूक

तिकडं आखातात युद्ध पेटलं, कंपनीचं काम बंद पडलं आणि आमचे हे सांगोल्याला परत आले. हाताशी साठवलेली पुंजी तेवढी. लेकीला सोलापुरात नर्सिंगला घालायचं होतं. मी म्हटलं, बँकेत टाका. हे म्हणाले, "बँक काय देतीय? सोनं हाताला लागत न्हाय, शेअर रोज आपटतोय. जग पेटलंय, पैसा जित्या मालात घालायचा." आणि सगळ्या पैशाचा एक माडग्याळी जातीचा मेंढा आणला. पोपटासारखं बाकदार नाक, उंचापुरा, लई माजोरी.

खोटं कशाला बोलू, मेंढा पावला. लांबलांबून लोक पैदाशीसाठी मेंढ्या घेऊन यायचे, पैसे देऊन जायचे. मग एक जण दामदुप्पट द्यायला तयार झाला. मी म्हटलं, "द्या की! पोरीची सगळी फी सुटंल."

"अजून चढंल," म्हणाले. मी तोंड सोडलं, यांनी हात उचलला, मी चुलीतलं जळकं लाकूड उचललं. तेव्हा कुठं दोघं थांबलो.

भाव वाढवायला म्हणून रविवारी मेंढा गुलाल लावून बाजारात मिरवायला नेला. मीही गेले. तिथं दुसऱ्या एका मेंढ्यानं दावं तोडलं. आमच्यानंही हिसका दिला. दोघं मागं सरले, धावले, आणि डोकी अशी आदळली की माझ्या दातात कळ गेली. पुन्हा मागं, पुन्हा टक्कर. आमचा कोसळला. मान मोडलेली, नाकातून रक्त, पाय झाडत होता.

जवळच एक खाटीक उभा होता. म्हणाला, "वैनी, जीव हाय तवर बोला. मेल्यावर मटण कोण घेत न्हाय."

हे मेंढ्याच्या गळ्यात पडून ओरडत होते, "डॉक्टर आणा!" कसला डॉक्टर, कपाळ! मी यांची कॉलर धरली, फरफटत बाजूला काढलं आणि खाटकाला म्हटलं, "फिरीव सुरी." गरम रक्ताची चिळकांडी माझ्या साडीवर आली. मग भाव करत मटणाचे वाटे मीच विकले. पहिल्या वर्षाची फी कशीबशी निघाली, बाकी सगळं बुडालं.

संध्याकाळी मी अंगणात साडी धूत होते. हे पायरीवर बसलेले. म्हणाले, "उद्या मी असा पडलो तर? मलाबी असंच कापशील?"

"तुमाला किलोनं कोण घेतंय?" मी फाडकन बोलले, आणि तिथंच मटकन बसून रडले. हे जागचे उठले नाहीत.