मशीनवरचा नारळ

"साहेब, कमान बगा! आमच्या गव्हानच्या देवलाला तरी अशी कमान हाय काय?"

बाळारामशेठ जीपमधून उतरून कॉलेजच्या गेटवर मान वर करून उभे होते. मी म्हटलं, "शेठ, आपण कॉलेज बघायला आलोय की लग्नाचा हॉल?" मागच्या सीटवर त्यांची मुलगी वनिता बसली होती, ती ओढणी तोंडाला लावून हसली.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. पनवेलच्या बाजारात माझं आरसीसी कन्सल्टंटचं ऑफिस होतं. आरसीसी कन्सल्टंट म्हणजे बिल्डिंगचा सांगाडा ठरवणारा माणूस. कॉलम केवढा, त्यात सळई किती, स्लॅब किती जाड, हे तो सांगतो आणि नकाशावर सही करतो. बाळारामशेठ मूळचे मिठागरवाले. जमीन सरकारने घेतली, मोबदला आला आणि शेठ बिल्डर झाले. बिल्डर व्हायला तेव्हा फारसं काही लागत नसे. एक जीप, एक जोडी पांढरे बूट, आणि सही करायला माझ्यासारखा कोणीतरी.

ही सहीच शेठना खुपत होती. "दर टायमाला तुमच्या हापिसात येऊन बसाचा. घरातच इंजिनेर पायजे!" थोरला मुलगा दहावीच्या दारात अडकून पडलेला, म्हणून इंजिनिअर व्हायचं वनितावर आलं. म्हणजे माझ्या पोटावर पाय देणारी इंजिनिअर कुठे घडवायची, याचा सल्ला शेठ मलाच विचारत होते. वा रे न्याय!

गंमत अशी की वनिताला खरंच सिव्हिल करायचं होतं. सरकारी कॉलेजच्या यादीत तिचं नावही लागलं होतं. पण ते कॉलेज घाटावर, हॉस्टेलला राहावं लागणार. परवा ॲडमिशनची शेवटची तारीख, आणि शेठचा पाय काही हलेना. पोरगी घाटावर एकटी राहणार नाही, आणि जवळ एवढं नवंकोरं कॉलेज असताना लांब जायचंच कशाला? दुपारी लेक्चर संपलं की साइटवर येऊन बसेल.

आदल्या दिवशी ती माझ्या ऑफिसात येऊन गेली होती. "काका, तुम्ही सांगा ना बाबांना. इथल्या कॉलेजात घातलं तर मी नुसती सही करणारी होईन."

मी सांगून पाहिलं. शेठ म्हणाले, "पयलं बगून तर येऊ."

प्रिन्सिपॉलसाहेबांनी आमचं स्वागत थंडा मागवून केलं. बिल्डर म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. कंपाउंड वॉल अजून बाकी होती ना!

मी विचारलं, "सिव्हिलला शिकवणारे किती आहेत?"

"येतायत. जाहिरात दिली आहे."

"आणि आत्ता?"

"व्हिजिटिंग आहेत. अहो, शेवटी डिग्री कोणाची? युनिव्हर्सिटीची! सरकारी कॉलेजची डिग्री आणि आमची, दोन्हीवर शिक्का एकच."

शेठनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "शिक्का एकच, साहेब!"

"प्रॅक्टिकल होतात का?" वनिताने विचारलं.

"सगळ्यांची जर्नल्स कम्प्लीट असतात," प्रिन्सिपॉल म्हणाले. मी विद्यार्थी होतो तेव्हापासून हे उत्तर मला पाठ आहे. सीनियरची जर्नल आणायची, आकडे जरा इकडेतिकडे करायचे, झालं प्रॅक्टिकल.

मी म्हटलं, चला, लॅब बघू. चावी सापडायला बराच वेळ गेला. तेवढ्यात शेठनी कंपाउंड वॉलचं माप डोळ्यांनीच घेऊन टाकलं.

लॅबमध्ये कॉम्प्रेशन मशीन होतं. स्लॅब किंवा कॉलम ओततात तेव्हा त्याच काँक्रीटचे ठोकळे करून ठेवतात, त्यांना क्यूब म्हणतात. क्यूब या मशीनच्या दोन जाड पाट्यांमध्ये ठेवून दाबून फोडायचा. किती दाबाला फुटला, त्यावरून काँक्रीटचा दम कळतो. सिव्हिलच्या लॅबचा हा जीवच.

मशीन होतं झकास. वर कुंकवाची बोटं, भोवती झेंडूचा हार, वाळून चहापत्तीसारखा झालेला. आणि क्यूब ठेवायच्या जागी, बरोब्बर दोन पाट्यांच्या मध्ये, एक नारळ.

"दसऱ्याला पूजा केली," प्रिन्सिपॉल कौतुकाने म्हणाले. आम्ही गेलो होतो जुलैत.

वनिताने नारळ उचलला, कानाशी धरून हलवला. "काका, खुळखुळतोय. पाणी आटलंय सगळं." मग प्रिन्सिपॉलकडे वळून म्हणाली, "सर, म्हणजे दसऱ्यापासून हे मशीन चालूच झालं नाही?"

"नवीन आहे. उगाच खराब होतं," ते म्हणाले.

मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. दगडासारखं काँक्रीट फोडायचं मशीन, आणि त्याच्याने नऊ महिन्यांत एक नारळ फुटला नव्हता! पण मी तोंड उघडायच्या आत शेठच पुढे आले. चेहरा उतरलेला.

"नारल वाढवला नाय?"

"नाही, तसाच ठेवलाय. शोभा म्हणून."

"देवाच्या नावानं ठेवलेला नारल, आनि परसाद नाय वाटला? शोभा?" शेठचा आवाज चढला. "आमी पायाचा दगड ठेवला तरी नारल वाढवतो. हितं माजी पोर नाय शिकाची! चल ग वनिता!"

मी त्यांच्या मागोमाग निघालो. शिक्षक नाहीत याने जे झालं नाही, ते नारळाने केलं. चुकीच्या कारणासाठी बरोबर निर्णय होत असेल, तर शहाण्याने मध्ये बोलू नये. दुसऱ्या दिवशी बाप स्वतः जीप घेऊन घाट चढला.

चार वर्षांनी वनिता डिग्री घेऊन आली. शेठनी वाजतगाजत तिला रोडपालीच्या साइटवर आणलं. पहिल्या मजल्याच्या स्लॅबचा दिवस. भटजी आले, पेढे आले, मिक्सर सुरू व्हायचा होता. शेठनी नारळ हातात घेतला.

"बाबा, थांबा. खालच्या कॉलमचे क्यूब कुठायत?"

क्यूब होते कोपऱ्यात, सिमेंटच्या रिकाम्या गोणीखाली. कोणी टेस्टला नेलेच नव्हते. तिने त्या दिवशी काम बंद ठेवलं. भटजींना पेढे देऊन परत पाठवलं. रिपोर्ट आला तो वाईट आला, आणि दोन कॉलम तिने उभे राहून तोडायला लावले.

शेठ तरातरा माझ्या ऑफिसात. "तुमीच पाठवलाव तिला घाटावर! पयला घन घातला तो बापाच्याच बिल्डिंगवर!"

"मी कुठे पाठवलं? तुमच्या नारळाने पाठवलं."

शेठ धुसफुसत बसून राहिले. मग चहा आला, तो प्याले. जाता जाता दारात थांबले. "काय बोलते मायतीय पोरगी? आदी क्यूब फुटूदे, मंग नारल वाढवा."

माझं शेठकडचं काम त्या दिवशी सुटलं; सही आता घरातच होणार होती. शेठ आज त्याच बिल्डिंगमध्ये राहतात, तळमजल्यावर, त्या दोन कॉलमच्या मधल्या फ्लॅटमध्ये. गिऱ्हाइकाला हॉलमधला कॉलम थोपटून दाखवतात आणि सांगतात, "पोरीनं दोनदा बांदलाय."