डिकीतला पाट

आमच्या छोट्या एसयूव्हीच्या डिकीत जेवणाचा एक लाकडी पाट असतो. गावाकडच्या खड्ड्यांसाठी म्हणून बजेटमध्ये बसणारी ही उंच गाडी घेतली. खड्डे तिने निमूट सोसले, पण आईलाच तिच्यात चढता येईना. घेताना आपण रस्त्याचा विचार करतो, गुडघ्यांचा कोण करतो? आता दाराशी मी पाट मांडतो. आई वाकून त्याला नमस्कार करते, "जेवायच्या पाटाला पाय लावू नये रे," असं दरवेळी पुटपुटते आणि चढते. मी पाट उचलून परत डिकीत टाकतो.

आज ऑफिसातून येताना ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून गुडघा भरून आला. पार्किंगमध्ये दार उघडलं, तर उतरताना माझाच पाय खाली पाट चाचपत होता.