धुळाप्पामामांचे सतरा फोन

सबस्टेशनवरचा ऑपरेटर म्हणजे शिव्या खायला बसवलेला माणूस. लाईट गेली की सात गावांना पहिली आठवण माझी. आधी आईबापाचा उद्धार, मग "कधी येणार?" मी फारुख. अकरा वर्षं या खुर्चीवर काढली. राग माझ्या नाकावर असतो, असं धाराशिवला घरी अम्मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते, आणि ती काही खोटं बोलत नाही.

धुळाप्पामामा मात्र कधी शिवी द्यायचे नाहीत. त्यांचं दुखणं वेगळं होतं. रोज सकाळी आठला फोन.

"सायब, लाईट हाय का?"

"मामा, तुमच्या घरातलं बटन दाबून बघा की."

"हितं हाय वो. तुमच्याकडं हाय का म्हनून इचारलं."

आता काय बोलावं या माणसाला! सबस्टेशनात लाईट आहे का, याची चौकशी करायला फोन. मग वारं कुठनं सुटलंय, गुडघा किती ठणकतोय, तांबडी मेंढीनं काल पाला खाल्ला का नाही, हे सगळं. लाईट जाऊन आली की आणखी एक फोन ठरलेला. "आली बरं का, सायब." अहो, मीच सोडली होती ना!

सत्तरी ओलांडलेला हा धनगर माणूस. आयुष्यभर मेंढरांमागं चालला, दीडशे मेंढरं राखली. चार वर्षांमागं बायको गेली, कोंडाबाई. एकट्याच्यानं कळप आवरेना, म्हणून विकून टाकला. पोरगा वैजनाथ पुण्याला कंपनीत. तो वाईट नाही, पण त्यांच्या कंपनीत कामाच्या वेळी मोबाईल गेटवर जमा करून घेतात. मामा ओढ्यापल्याड पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायचे, आमच्या शेतीच्या लाईनचा जिथं शेवटचा खांब, तिथं. सोबतीला एक मेंढी, तांबडी. तिची आई व्याली आणि मेली, तेव्हा कोंडाबाईनं तिला बाटलीनं दूध पाजून जगवलेलं. कळप विकताना व्यापाऱ्यानं तिला गाडीत चढवलं होतं. मामांनी उतरवून घेतली.

एकदा मी चिडून विचारलं, "मामा, अख्ख्या जिल्ह्यात तुम्हाला माझाच नंबर सापडला का?"

"कुनाला बी लावा, मंग बोलतो म्हनत्यात. तुमी तेवढं उचलता," मामा हसले. "तुमाला उचलावंच लागतंय."

मीही हसलो होतो. तेव्हा काही लागलं नाही मनाला.

मागच्या उन्हाळ्यात त्यांनी सांगितलं, "सायब, वस्तीवरची तार लई झोके खातीय." माझं डोकं आधीच फिरलेलं. मी एका दमात ऐकवलं, "मामा, तार झोके खाऊ दे नाहीतर पडू दे, जवळ जायचं नाही. तीस पावलं लांब थांबायचं. काठीनं हलवायची नाही, काठी वाळकी असली तरी नाही. तार कुंपणावर पडली तर कुंपणालाही हात लावायचा नाही. कुणाला जाऊ द्यायचं नाही. लाईट गेलेली असली तरी, आमचा माणूस रॉड लावेपर्यंत तार जिती आहे असंच धरायचं. आणि मला फोन करायचा. कळलं?"

मामांनी शाळेतल्या पोरासारखं सगळं परत म्हणून दाखवलं. मी फोन ठेवला. तार ओढून घ्यायचं रणधीरला, म्हणजे आमच्या लाईनमनला, सांगायचं होतं. सांगितलंही. पण त्याच्या मागं पन्नास कामं. ते राहून गेलं ते गेलंच.

यंदा मे महिन्यात, सोमवारी दुपारी एकला वावटळ उठली. अर्धा तास वारा-पावसाचा नुसता धिंगाणा. पत्रे उडाले, चिंचा मोडल्या, दोन्ही फीडर, म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या लाईनी, बसले, गावठाणाचा आणि शेतीचा. माझा मोबाईल तापून भाकरीच्या तव्यागत झाला. ज्याला त्याला आत्ताच्या आत्ता लाईट पाहिजे. त्यातच स्क्रीनवर नाव आलं, धुळाप्पामामा.

मी कापला.

परत आला, परत कापला. म्हटलं, इथं माझी काशी झालीय आणि यांना तांबडीची गोष्ट सांगायचीय. तो यायचा, मी कापायचो. नंतर नंतर तर बोट आपोआप जायचं लाल बटनावर.

आमच्याकडं लोकांची एक खोड आहे. गावात लाईट नसली की सगळ्या तारा मेल्या असं धरून चालतात. पण गावाचा फीडर वेगळा, शेतीचा वेगळा. गावात अंधार असला तरी शेतीची थ्री फेज आपल्या वेळापत्रकानं येते. त्या आठवड्यात दिवसपाळी होती, साडेचारपर्यंत. मोटारी चालू करायला लोक टपून बसलेले. सव्वातीनला रणधीरचा फोन आला. "शेतीची लाईन बघून आलो. फांद्या काढल्या. क्लिअर हाय, चढव."

"ओढ्यापल्याड?"

"ओढ्याला पानी हाय. काठावरनं बघितलं, सगळं उभं दिसतंय."

काठावरनं शेवटचा खांब दिसत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी काही बोललो नाही. सात गावं बोकांडी बसलेली. साडेतीनला हँडल फिरवलं. फीडर टिकला. कुठं तार तुटून जमिनीला लागलेली असली की बहुतेक वेळा लाईन लगेच परत बसते, पण दर वेळेला बसतेच असं नाही. मी म्हटलं, चला, सुटलो, आणि चहा ओतला.

चहा निम्मा झाला तेव्हा ध्यानात आलं की मामांचा फोन आला नाही.

लाईट आली आणि "आली बरं का, सायब" नाही? मोबाईल बघितला. सतरा फोन. शेवटचा तीन वाजून बावीस मिनिटांनी. एरवी मामा दोनदा लावायचे आणि गप बसायचे. सतरा वेळा ते कशाला लावतील? मी लावून बघितला, फोन बंद.

या खुदा! मी फीडर बंद केला, हँडलला कुलूप घातलं, 'काम चालू' ची पाटी अडकवली आणि चावी खिशात टाकली. रणधीरला म्हटलं, "डिस्चार्ज रॉड घेऊन मामांच्या वस्तीवर ये, असशील तसा ये." गाडी कशी हाणली मला माहीत नाही. ओढ्यात गुडघाभर पाणी होतं, गाडी काठावर टाकली आणि पळत सुटलो. वाटेत मी अल्लाकडं एवढंच मागत होतो की म्हातारा बसलेला दिसू दे.

म्हातारा बसलेला दिसला.

वाटेवर मधोमध, घोंगडं टाकून. समोर बोरीच्या काट्यांची आडवी रांग लावलेली, वाट अडवून. तिथनं तीस पावलांवर तार पडलेली, तारेच्या कुंपणावर लोळत गेलेली. मला बघून त्यांनी हात वर केला.

"थांबा सायब! म्होरं यिऊ नगा. बंद केली का?"

"बंद करून आलोय, मामा. चावी माझ्याकडं हाय."

"मंग रॉड लावू द्या आदी. तवर न्हाय."

तेव्हा मला कुंपण दिसलं. पल्याड, कुंपणाच्या लोखंडी अँगलला तांबडी बांधलेली होती. ती आडवी पडली होती.

नंतर कळलं, मामा तार पडल्यापासून तिथंच बसून होते. तांबडी ओरडत होती, दोर ओढत होती. मामा इकडून तिला "बस गं, बस बाई" म्हणत होते, आणि मला फोन लावत होते. मधे शेजारचा ईरण्णा आला. त्याला पलीकडं मोटार चालू करायला जायचं होतं. वाळका बांबू उचलला आणि म्हणाला, "गावात लाईट न्हाय, तार मेलीय. बाजूला सारतो, तुमची मेंढी बी सोडतो." मामांनी त्याच्यावर काठी उगारली. शिव्या दिल्या, ज्या माणसानं मला कधी अरे-तुरे केलं नाही त्यानं. ईरण्णा बडबडत लांबच्या वाटेनं गेला. त्यानंतर दहाच मिनिटांनी तार तडतडली, ठिणग्या उडाल्या आणि तांबडी गप झाली.

ते हँडल मी फिरवलं होतं.

रणधीर आला, त्यानं तारेला रॉड लावून लाईन अर्थ केली, म्हणजे उरलासुरला करंट जमिनीत उतरवला. तेव्हा कुठं मामा उठले. हळूहळू चालत गेले, तिच्या गळ्यातला दोर सोडला आणि तिथंच बसले. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"तुमी सांगितलं हुतं जवळ जायाचं न्हाय," मामा म्हणाले. "म्या न्हाय गेलो."

"मामा, लई फोन होते हो. लागला नसेल तुमचा."

"व्हय. कामात असाल. मंग बॅटरी बी सपली."

खोटं बोललो मी, त्या मेलेल्या मेंढीसमोर. दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला, जबाब झाले. वरच्यांना मी सगळं खरं लिहून दिलं. ईरण्णा गावभर सांगत फिरतो, म्हाताऱ्यानं मला वाचवलं. मामांना तेवढं खरं सांगायचं राहिलं.

त्या दिवसापासून मामांचा फोन येत नाही. आठ वाजले की मी मोबाईलकडं बघत बसतो. कंट्रोल रूममधे यंत्रांची घूं घूं तेवढी, बाकी बोलायला चिटपाखरू नाही. हे मला आधी कधी जाणवलंच नव्हतं. मग मीच लावायला लागलो.

"मामा, लाईट हाय का?"

"हाय."

एवढंच. वारं नाही, गुडघा नाही. वीस-बावीस दिवस असंच चाललं. काल मला राहवेना.

"मामा, त्या दिवशी तुमचा फोन लागत होता. मी कापत होतो."

मामा म्हणाले, "ठावं हाय, सायब. वाजता वाजता मधीच तुटायचा."

"मग सतरा वेळा कशाला लावलात, मामा?"

"तुमीच सांगितलं हुतं की. तार पडली तर मला फोन करा म्हनून."

आणि या वेळेला फोन त्यांनी ठेवला.