भात शिजेपर्यंत

पोकलेनचा उजवा पट्टा चिखलात पूर्ण गेला तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. ऑपरेटरने केबिनमधून उडी मारली आणि तोही गुडघ्यापर्यंत रुतला. "साहब, ये नहीं निकलेगा," तो शांतपणे म्हणाला. मी बांधावर उभा होतो. हातात भरती-ओहोटीचं छापील टेबल होतं. टेबलाप्रमाणे सव्वाबारालाच ओहोटी संपायला हवी होती. समोर मात्र बांधाच्या भगदाडातून पाणी अजून खाडीकडे वाहत होतं आणि आम्ही ओतलेला मुरूम बरोबर घेऊन जात होतं.

बांधावर पंधरावीस गावकरी बसले होते. त्यांच्यातले सर्वांत वयस्कर नामा म्हात्रे. ते उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "सायेब, पानी अजून जातंय. मशीन कशाला उतरवलास?"

मी हातातलं टेबल पुन्हा एकदा पाहिलं.

ही गोष्ट अष्टमीची, नवरात्रातली. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होतो. खारबांध सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात शाखा अभियंता म्हणून मला चोवीस वर्षं झाली होती. हे काम काय असतं ते थोडक्यात सांगतो. रेवसच्या या बाजूला खाडीकाठाने मैलोन्मैल भातशेती आहे. ती जमीन मुळात खाडीची. कधी काळी लोकांनी मातीचे बांध घालून समुद्राला बाहेर ठेवलं आणि आत भात लावलं. बांधात जागोजागी दगडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला तिच्यातून पावसाचं पाणी बाहेर जातं, भरतीला ती आपोआप मिटते. बांध फुटला तर त्या भगदाडाला म्हणतात खांड. खांडीतून खारं पाणी शेतात आलं की ते पीक गेलंच, शिवाय पुढची दोनतीन वर्षं तिथे काही उगवत नाही.

हे बांध मी सांभाळत होतो असं कागदावर होतं. प्रत्यक्षात मी एस्टिमेट करत होतो. एस्टिमेट, टेंडर, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका, बिल. पुढच्या वर्षी त्याच बांधाचं पुन्हा एस्टिमेट. लांबी, रुंदी, उंची आणि माती. नोकरी पक्की होती, अलिबागला घर होतं, पण पहिल्या दहा वर्षांतच मला पुढची वीस वर्षं दिसली होती. मी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कादंबऱ्या ठेवत असे. जेवणाच्या सुटीत वाचत असे, आणि सुटी संपली तरी वाचत असे. त्या वर्षी गणपतीनंतर मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला होता. अलिबागला एक लहानसं वाचनालय काढायचं ठरवलं होतं. अर्ज साहेबांच्या टेबलावर होता.

माझी बायको सुमन शाळेत शिकवायची. ती याच भागातली. तिचं माहेर त्या खांडीपासून दोन गावं पलीकडे. मी देशावरचा. लग्नाआधी मी समुद्र दोनदाच पाहिला होता. वाचनालयाबद्दल ती एवढंच म्हणाली होती, "काढू या. पण तुम्हाला कंटाळा कामाचा आलाय की कागदाचा, ते एकदा बघा. वाचनालयातही कागदच असतात."

खांड पडली सर्वपित्री अमावास्येच्या उधाणात. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती. खांडीजवळचे काही तुकडे त्याच दिवशी खाऱ्या पाण्याखाली गेले. उरलेल्या शेतात भात पोटरीतून बाहेर पडून दाणा भरत होता. पुढचं उधाण कोजागिरीला. तेव्हा खांड उघडी राहिली तर अख्ख्या गावाचं पीक जाणार होतं. मधे अष्टमी ते दशमी पाण्याचा जोर सर्वांत कमी असतो, त्याला भांग म्हणतात. खांड बांधायची ती भांगात. म्हणजे आमच्या हातात तीन दिवस होते.

त्यातला पहिला मी घालवला होता.

सकाळी डबा भरताना सुमनने विचारलं होतं, "ओहोटी किती वाजताची धरलीत?"

"सव्वाबारा. टेबलात आहे."

"टेबल मुंबईचं ना? खाडीत आत पाणी उशिरा फिरतं. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. आणि मग भात शिजेपर्यंत थांबतात. आबा असंच सांगायचे."

आबा म्हणजे तिचे वडील. पाऊणपटीचा हिशोब टेबलाशी जुळला, म्हणून मला जरा कौतुक वाटलं. भाताचं मात्र मी हसण्यावारी नेलं. तरी तिचा मान ठेवायचा म्हणून पंधरा मिनिटं थांबलो, आणि साडेबाराला पोकलेन उतरवलं.

पुढे काय झालं ते सांगितलंच आहे. एक जेसीबी आणून, वायररोप लावून, भरतीचं पाणी पट्ट्याला लागता लागता पोकलेन कसंबसं काढलं. इंजिनात पाणी गेलं होतं. कॉन्ट्रॅक्टर फोनवर म्हणाला, दुसरं मशीन दसऱ्यानंतर. तेव्हा भांग संपलेला असणार होता.

संध्याकाळी मी घरी न जाता सुमनला गावात बोलावून घेतलं. ती रिक्षाने आली. आम्ही दोघं नामा म्हात्रेंच्या ओटीवर गेलो. पूर्वी हे बांध गावंच राखत. त्याला जोळ म्हणत. खांड पडली की घरटी एक माणूस यायचा आणि काम झाल्याशिवाय परतायचा नाही. नामाबाबा या गावच्या जोळीचे शेवटचे पुढारी. बांध खात्याने ताब्यात घेतले आणि जोळ बंद पडली.

मी म्हटलं, "बाबा, उद्या जोळ लागेल का?"

"जोळ मोरली सायेब."

"पुन्हा—"

"आमी नाय मोरली. तुमच्या खात्यान मोरली. बांध सरकारचा झाला. मंग आमची पोरा कंपन्यांन गेली." त्यांनी तंबाखू मळली. "आता मशीन रुतला म्हणून आमी आठवलो काय?"

ओटीच्या कडेला गावातली आठदहा माणसं उभी होती. मी म्हटलं, "मशीन माझ्या चुकीने रुतलं. जमिनीचा दोष नाही, ऑपरेटरचाही नाही. मी घाई केली."

"किती थांबलास?" नामाबाबांनी विचारलं.

"पंधरा मिनिटं."

"पंधराच का?"

मला खरं सांगावं लागलं. "हिने सांगितलं होतं, भात शिजेपर्यंत थांबा. आमच्याकडे भात पंधरा मिनिटांत होतो."

सुमनने माझ्याकडे पाहिलं. "अहो," ती म्हणाली, "कुकरमध्ये?"

मग आतल्या दारात उभी असलेली नामाबाबांची सून फसकन हसली. पाठोपाठ सगळेच. नामाबाबांना हसताना ठसका लागला. "शिट्ट्या मोजल्यास काय?" ते डोळे पुसत म्हणाले. "र सायेबा, चूल पेटवायची, आधण ठेवायचा, तांदूल धुवायचा, भात उतरायचा. तवा पानी उभा रहातो. जावय कुठचा!"

तोवर मी त्या गावात सायेब होतो. त्या वाक्यानंतर जावय झालो.

नामाबाबा गंभीर झाले तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. उद्या खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते, पूजेआधी फावड्याला कोणी हात लावणार नाही. तर पूजा बांधावरच होईल. दुसरी गोष्ट, जोळीत घरटी एक माणूस लागतो. "तुजा पन एक घर धरला मी. तुज्या घरचा कोन येल?"

"मी येईन."

"बांधावर छत्री घेऊन नाय. रांगेन."

"रांगेत."

नवमीला सकाळी साहेबांचा फोन आला. साहेब वाईट माणूस नव्हते. नियमाने चालणारे होते, इतकंच.

"ऐकतोय ते खरं आहे? गावकऱ्यांना कामाला लावताय? ऑर्डर कुठाय?"

"ऑर्डर नाही, सर."

"कोणाला काही झालं तर? मोजमाप पुस्तिकेत काय लिहिणार?"

"लिहिणार नाही, सर. बिलच नाही."

"हे बघा, तुमचा अर्ज माझ्यासमोर आहे. मी पुढे पाठवतोय. पण चौकशी लागली तर तो हलणार नाही, ठाऊक आहे ना? तुम्हाला सुटायचंय. मग कशाला? दसऱ्यानंतर मशीन येतंय."

"दसऱ्यानंतर पाणी थांबत नाही, सर."

"मला तुम्ही विचारलं नव्हतंत," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्याचा अर्थ मी लावला तो असा: करा, पण तुमच्या जबाबदारीवर.

बांधावर फावडी, घमेली, कोयते ओळीने मांडले होते. झेंडूची फुलं होती. सुमनने माझ्या पिशवीतून लेव्हलिंगची दुर्बीण काढून त्या ओळीत ठेवली आणि तिला हळदकुंकू लावलं. चोवीस वर्षं मी त्या यंत्रातून बांध पाहत आलो होतो. ते हत्यार आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

साठसत्तर माणसं आली होती. कंपनीतून रजा घेतलेले होते, बायका बऱ्याच होत्या. आधी खांडीत बांबू ठोकले, त्यात पेंढ्याचे भारे अडकवले. मधे वावभर, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी, जागा उघडी ठेवली. मग रांग लागली. एका टोकाला खाडीतला निळसर चिखल फावड्याने चौकोनी कापून काढायचा आणि हातोहात खांडीपर्यंत पोचवायचा. एकेक तुकडा पाटावरवंट्यातल्या वरवंट्यासारखा जड. माझ्या एका बाजूला नामाबाबांची सून, दुसऱ्या बाजूला एक बँकेतला कारकून.

पहिला तुकडा माझ्या हातून निसटला. सून म्हणाली, "जावय, पोटाशी धर. चिखल चावत नाय."

त्या मातीचे किती घनमीटर मी आयुष्यभर लिहिले होते. ती इतकी थंड असते हे मला माहीत नव्हतं. तिला वास असतो, आणि चांगला चिखल बोटाला ओढून धरतो, वाईट सुटतो, हे त्या सुनेने मला पहिल्या तासात शिकवलं.

टेबलाप्रमाणे एकला ओहोटी संपली. कोणी हललं नाही. नामाबाबा खांडीच्या तोंडाशी उकिडवे बसले होते. त्यांनी पाण्यावर एक झेंडूचं फूल टाकलं. ते खाडीकडे गेलं. थोड्या वेळाने दुसरं, तेही गेलं. सुमन बांधावर घड्याळ धरून उभी होती. पावणेदोनला टाकलेलं फूल तिथेच थांबलं, जागच्या जागी फिरलं.

"शिजला भात," नामाबाबा म्हणाले.

मग वीस मिनिटं रांग अखंड चालली. उघडी ठेवलेली जागा भरली. पाणी परत आलं तेव्हा त्याच्यासमोर भिंत होती. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तिच्यावर आणखी दोन हात माती चढवली.

कोजागिरीच्या दुपारी मी आणि सुमन पुन्हा तिथे गेलो. भरती बांधाच्या माथ्याखाली वीतभर येऊन थांबली, आणि भात शिजायला लागतो तेवढा वेळ थांबून मागे गेली. आतल्या शेतात लोंब्या कलल्या होत्या. मी नामाबाबांना त्यांची शेतं कुठली ते विचारलं. त्यांनी खांडीजवळच्या, पांढरट पडलेल्या दोन तुकड्यांकडे हात केला. ते अमावास्येलाच गेले होते. त्यांना वाचवायला काहीच उरलं नव्हतं, आणि हे गावात फक्त मला माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर मला कारणे दाखवा नोटीस आली. मी एक पान उत्तर लिहिलं आणि त्यात चूक माझी असं लिहिलं. एक वेतनवाढ थांबली. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज 'चौकशीनंतर पुन्हा सादर करावा' असा शेरा घेऊन परत आला. चौकशी संपली. मी तो पुन्हा सादर केला नाही. साहेबांनी एकदा आठवण केली, तेव्हा म्हटलं, जरा काम आहे.

काम होतं. माझ्या हद्दीत जेवढ्या उघाड्या होत्या त्या प्रत्येकीवर पाणी टेबलापेक्षा किती उशिरा फिरतं, ते आम्ही मोजायला घेतलं. रविवारी मी आणि सुमन स्कूटरवरून जात असू. ती घड्याळ धरी, मी फूल टाकी. फूल नसेल तेव्हा पेंढ्याची काडी. गावागावांतल्या म्हाताऱ्यांना विचारत असू. कोणी म्हणे विडी ओढून होईपर्यंत, कोणी म्हणे म्हशीची धार काढून होईपर्यंत. सुमन ते एका वहीत तसंच लिहून घेई आणि पुढे मिनिटं मांडी. पुढची नऊ वर्षं मी तीच एस्टिमेटं केली, त्याच पुस्तिका भरल्या. ड्रॉवरमधल्या कादंबऱ्या घरी नेल्या. वाचनालय निघालं नाही.

मी अठ्ठावन्नाव्या वर्षी नियमाप्रमाणे निवृत्त झालो. सुमन त्याच्या पुढच्या वर्षी गेली. नामाबाबा तिच्याही आधी. वहीची एक प्रत ऑफिसात दिली आहे. नवे अभियंते ती उघडतात असं ऐकतो. मूळ वही माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर त्या गावच्या उघाडीची नोंद आहे, सुमनच्या शाळेच्या फळ्यावरच्यासारख्या गोल अक्षरात: 'पंचेचाळीस मिनिटं. भात. पातेल्यात, चुलीवर.' खाली तिने एक रेघ मारली आहे. ती माझ्यासाठी.

आता एकट्यापुरता भात मी पातेल्यात लावतो. घाई कशाचीच नसते. नव्या अभियंत्यांपैकी कोणी घरी आलं आणि काही सांगा म्हणालं, तर एवढंच सांगतो: टेबल जवळ ठेवा, पण गावालाही वेळ विचारा. आणि विचाराल तेव्हा भांडं कुठलं, तेही विचारून घ्या.