तेल वेगळंय, गुरुजी

अन्नाच्या रूपाने घरोघरी नांदणाऱ्या जगन्मातेला प्रथम वंदन. आज अक्षय्य तृतीया. सकाळी उदककुंभाचे दान झाले, पितरांना तिलोदक दिले, तरीही मन जागेवर बसेना. म्हणून हे लिहायला घेतले आहे. गेल्या वर्षी याच तिथीला मी ज्या दुकानापाशी जाऊन उभा राहिलो, ते चालवणाऱ्या एका स्त्रीची ही आठवण.

"तेल वेगळंय, गुरुजी."

मी गल्लीच्या तोंडाशी दिसलो की ती हातातला झारा उंच धरून एवढेच म्हणायची. झाऱ्याच्या दांड्याला हिरवा दोरा गुंडाळलेला असे. तो दोरा मला दिसला याची खात्री होईपर्यंत झारा खाली यायचा नाही.

दुकान कॅनॉट बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, एका रसवंतीला लागून होते. चार माणसे उभी राहिली तर पाचव्याने रस्त्यावर थांबावे, एवढेच. पाटीवर कोरियन अक्षरांत काहीतरी, आणि खाली देवनागरीत 'कोरियन कॉर्न डॉग'. या नावात श्वान कसे शिरले हे माझ्या सातवीतल्या नातीने मला दोनदा समजावले आणि मी दोन्ही वेळा मान डोलावली. शिकवणी सुटली की ती मला हाताला धरून तिथे न्यायची. दुकानवाली काठीला चीजची कांडी टोचायची, ती घट्ट पिठात गरगर फिरवायची, बटाट्याच्या बारीक फोडींत लोळवायची आणि तेलात सोडायची. सोनेरी होऊन वर आली की तिच्यावर साखर भुरभुरायची. मग नात पहिला घास घेई आणि चीजची तार हातभर ताणून मला दाखवी.

दुकानवाली पाचोडची, तिशी नुकतीच ओलांडलेली. ती बसलेली मी कधी पाहिली नाही. गिऱ्हाईक नसले तर स्वच्छ ओटा पुन्हा पुसायची, काठ्यांची जुडी सोडून पुन्हा बांधायची, पाटी काढून हातभर डावीकडे टांगायची आणि दुसऱ्या दिवशी परत उजवीकडे आणायची. मी एकदा म्हणालो, घटकाभर टेक गं. ती म्हणाली, "बसलं की पाय दुखतात गुरुजी. उभं राहिलं की नाय दुखत." अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याजवळ बसले की आपल्यालाही उगाच पदर, उपरणे, चप्पल सारखी करावीशी वाटते.

पहिल्याच दिवशी तिने मला आग्रह केला होता. मी विचारले, चीज आणि कोंबडीचे सॉसेज एकाच तेलात तळता ना? ती थांबली. वर्षभरात तिचे हात थांबलेले मी दोनदाच पाहिले, त्यातली ही पहिली वेळ. पुढच्या आठवड्यात गेलो तर शेगडीवर दुसरी कढई होती, दुसरे भांडे, दुसरा झारा, आणि त्याच्या दांड्याला हिरवा दोरा. शाकाहारी गिऱ्हाईक तिच्याकडे बरेच येत असे, पण विचारले होते एकट्या मी.

"तेल वेगळंय, गुरुजी," ती म्हणाली. त्या दिवशी एकादशी होती. मी हात जोडले.

मग चतुर्थी आली, सोमवार आला, पाठोपाठ चातुर्मास आला. चातुर्मासात तिने भिंतीवर दिनदर्शिका लावली. कार्तिकी एकादशी उलटली आणि तिने मला गल्लीतूनच ऐकवले, "आज तेरस हाये. उपास नाय. मी बघितलं." मी पोटाचे कारण सांगितले. शेजारचे रसवंतीवाले चाचा खुलताबादचे, मिस्कील गृहस्थ. मला रस विचारणे त्यांनी केव्हाच सोडून दिले होते. ते चरकात ऊस सारत म्हणाले, "गुरुजी, इतका विचार तर आम्ही लग्नाला नाय केला." ती खळखळून हसली, नातही हसली, आणि मीही हसलो, कारण हसणे सोपे होते.

आता जे सांगायचे ते सरळ सांगतो. दुकानात, फ्रिजच्या वर, दोन तसबिरी होत्या. एक भगवान बुद्धांची आणि एक बाबासाहेबांची. रोज दुकान उघडल्यावर ती त्यांच्यापुढे मेणबत्ती लावून उभ्या उभ्या वंदना म्हणायची. एकदा सकाळी मी ती ऐकली आणि सवयीने एका शब्दाचा उच्चार सुधारायला गेलो. तिने शांतपणे मेणबत्ती सारखी केली आणि म्हणाली, "तुमचं तुमच्याजवळ बरोबर असंल गुरुजी. मला आईनं असं शिकवलंय, मी असंच म्हणणार." मला तिचे ते बोलणे आवडले होते.

पण त्या तसबिरी मी पहिल्याच दिवशी पाहिल्या होत्या. तेलाचा प्रश्न मी त्यानंतर विचारला होता. दुसऱ्या जातीच्या हातच्या तळलेल्या अन्नाला जुन्या आचारातही सवलत होती, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवत आलो. म्हणजे माझी सबब माझ्याच विद्येपुढे टिकणारी नव्हती. घरी मी तिच्या कष्टांचे कौतुक करीत असे. कौतुक करायला काही गिळावे लागत नाही.

चैत्र सरत आला होता. नात आणि मी सोडून दुकानापाशी दुसरे कोणी नव्हते. ती प्रथमच ओट्याबाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिच्या हातातल्या बशीत एकच कॉर्न डॉग होता. सॉस नाही, कांदा-लसूण नाही, वर थोडी साखर. मी रसवंतीच्या बाकावर जरा मागे सरकलो आणि दातांचे काहीतरी बोललो. तिचे हात थांबले.

"मी तेल बदललं, गुरुजी. झारा बदलला. आता आणखी काय बदलू, तेवढं सांगा."

तिच्या आवाजात राग असता तर मला त्याच्या आड लपता आले असते. राग नव्हता. नातीचा घास तोंडातच राहिला. मी उपरणे सारखे केले. ती "बरं" म्हणाली, बशी चाचांना देऊन आत गेली आणि पुसलेला ओटा पुसू लागली.

त्यानंतर मी त्या रस्त्याने गेलो नाही. नातीची परीक्षा होती, तीही सोयीची झाली. पण जपाला बसलो की मणी चुकायचे. पहाटे अंगणात येरझारा घालायचो, वाचायला घेतलेली पोथी पान न उलटताच मिटायचो. अकराव्या दिवशी ठरवले, जायचे आणि तिच्या हातचे खायचे. एवढे ठरल्यावर तसेच उठायला हवे होते. पण हाताला वळण पडलेले; मी पंचांग उघडले. तीन दिवसांवर अक्षय्य तृतीया होती. त्या दिवशी केलेल्याचा क्षय होत नाही, म्हणून तोच दिवस नेमला. ज्या गोष्टीला मुहूर्त लागत नव्हता तिला मी साडेतीन मुहूर्तांतला एक दिला, आणि त्या तीन दिवसांत मला मोठे पुण्य केल्यासारखे वाटत होते.

तृतीयेला देवाचे आटोपून, धूतवस्त्र नेसून मी एकटाच निघालो. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि सवयीने वर पाहिले. झारा दिसला नाही. पाटी डावीकडेही नव्हती आणि उजवीकडेही नव्हती. शटर खाली होते.

चाचांनी चरक थांबवला. "गेली ना ती, गुरुजी. परवा. नाशिकला मोठी जागा भेटली तिला. पत्ता काय सांगून नाय गेली."

मी विचारले, माझ्याविषयी काही म्हणाली का.

"रोज विचारायची, गुरुजी दिसले का. जायच्या दिवशी सगळं बांधलं, पन ती एक कढई शेवटपर्यंत शेगडीवर ठेवली. तुमच्यासाठी एक तळून ठेवलं होतं. दिवस मावळेस्तोवर वाट बघितली."

"मग?"

"मग मला म्हणली, चाचा, तुम्ही खा. खाल्लं मी." ते जरा ओशाळले. "गार झालं होतं. पन लई चांगलं होतं."

मग चाचांनी काय मनात आणले कोण जाणे, एक ग्लास विसळला, भरला आणि न विचारता माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि बर्फ विरायच्या आत संपवला.

वाचकहो, तुमच्या घरातील चूल कधी विझू नये. तुमच्या लेकरांच्या ताटात दोन घास अधिक असावेत, आणि तुमच्या उंबऱ्यावरून कोणीही हिरमुसून परत जाऊ नये. आणि तुमच्यासाठी कोणी आवर्जून काही पुढे केले, तर ते गरम आहे तोवर हात पुढे करण्याची बुद्धी ती जगन्माता तुम्हाला व तुमच्या कुटुंबाला देवो.